नदीचे नाव कोणत्या रकान्यात लिहावे?

प्रश्न : इचलकरंजी परिसरात आमचे कापड रंगाईचे प्रोसेस हाऊस आहे. वडिलांनी सुरू केलेल्या धंद्याची पुढे प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. थोरले बंधू आणि मी असे दोघे संचालक आहोत आणि साठेक कामगार आहेत. मुंबईच्या एका निर्यातदार ग्राहकाने यंदा एक लांबलचक प्रश्नावली पाठवली आहे. 'आपल्या व्यवसायाचे हितधारक कोण आणि त्यांच्याशी आपण सल्लामसलत कशी करता' असा एक तक्ता तिच्यात भरायचा आहे. पुण्याहून व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन आलेल्या माझ्या पुतणीने त्यात पहिलेच नाव 'पंचगंगा नदी' असे लिहिले आणि बंधू भडकले. 'नदी काय मीटिंगला येणार आहे? संमतीपत्राची फी भरतो, सीईटीपीचे (सामायिक सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे) पैसे भरतो, देवळापाशी झाडे लावली, आता आणखी काय द्यायचे?' असे ते म्हणतात. मला दोघांचेही थोडेथोडे पटते. खरे सांगायचे तर रात्री वीज गेली की आमची सांडपाण्याची टाकी कधीकधी भरून वाहते. नदीला हितधारक म्हणणे हे पुस्तकी बोलणे आहे का? आणि यंदा हाताशी असलेले पैसे नव्या स्टेंटरला (कापड ताणून सुकवणाऱ्या यंत्राला) घालावेत की पाण्याच्या यंत्रणेला?

उत्तर : स. न.

टाकी भरून वाहण्याविषयीचे एक वाक्य आपण पत्रात जाता जाता लिहून गेला आहात, आणि साऱ्या पत्रात मला तेच सर्वांत मोलाचे वाटले. ते लिहिले नसते, तर आपला प्रश्न म्हणजे शब्दांवरून घरात चाललेला वाद आहे असे समजून मी दोन परिच्छेदांत उत्तर संपवले असते. त्या वाक्याकडे मी पुन्हा येणारच आहे. तूर्त शब्दांचा गुंता सोडवू, कारण बंधूंचा निम्मा राग त्या शब्दावरचा दिसतो.

मराठीत भागधारक आणि हितधारक हे शब्द इतके सारखे ऐकू येतात, की नदीला हितधारक म्हटले की तिला कंपनीत भाग द्यायचा आहे असा कोणाचाही समज व्हावा. मूळ कल्पना तशी नाही. अमेरिकेतील व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ मध्ये हितधारकाची जी व्याख्या केली, ती साधारण अशी आहे : कंपनीच्या उद्दिष्टांवर ज्याचा परिणाम होतो, किंवा त्या उद्दिष्टांचा ज्याच्यावर परिणाम होतो, असा कोणीही गट किंवा व्यक्ती. कामगार, ग्राहक, सूतवाला, बँक, गाव हे सगळे तिच्यात बसतात. नदी बसते का, हा वाद त्या विद्येच्या अभ्यासकांमध्ये नंतर बराच झाला. मार्क स्टारिक यांनी १९९५ मध्ये निसर्गालाही हितधारक मानावे असे मांडले. त्यावर रॉबर्ट फिलिप्स आणि जोएल रायकार्ट यांनी २००० मध्ये उलट बाजू मांडली. हितधारकाचे नाते परस्पर सहकार्यातून आणि देवाणघेवाणीतून निर्माण होते, असे सहकार्य माणूसच करू शकतो, म्हणून निसर्गाची काळजी ज्या माणसांचे हित त्यात गुंतलेले आहे त्यांच्यामार्फत घ्यावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. थोडक्यात, आपल्या घरातला वाद विद्यापीठांतही होऊन गेला आहे आणि बंधूंच्या बाजूनेही शिकलेली माणसे आहेत, हे पुतणीच्या कानावर घालावे.

माझे मत विचाराल, तर बंधूंची शंका योग्य आहे, पण तिच्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. नदी मीटिंगला येणार नाही, हे खरेच. म्हणूनच तिला कामगार, ग्राहक आणि बँक यांच्या रांगेत बसवणे मला धोक्याचे वाटते. हितधारकांच्या तक्त्यामागची पद्धत तडजोडीची असते : कामगाराला थोडा बोनस, ग्राहकाला थोडी सूट, बँकेला थोडी मुदत मागायची. प्रत्येकजण आपापली बाजू मांडतो, अडून बसतो, संप करतो, ऑर्डर काढून घेतो, आणि त्या ओढाताणीतून काही एक मध्य निघतो. जिला ना बोलता येते ना अडून बसता येते, ती या ओढाताणीत दर वेळी हरणार. मुकी बिचारी, कुणीही हाका. पुतणीने नदीचे नाव पहिल्या क्रमांकावर लिहिले तरी ज्या दिवशी अर्जंट लॉट पाठवायचा असेल, त्या दिवशी तो क्रमांक शेवटचा होईल.

एक योगायोग पाहा. मोठे ग्राहक हल्ली असे तक्ते का पाठवतात, याचे एक कारण म्हणजे सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना जबाबदार व्यवसायाचा तपशीलवार अहवाल देणे बंधनकारक केले आहे. तो अहवाल ज्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांवर बेतला आहे, ती तत्त्वे नऊ आहेत. सर्व हितधारकांच्या हिताचा आदर राखणे हे त्यांतले चौथे, आणि पर्यावरणाचे रक्षण व पुनरुज्जीवन हे सहावे. म्हणजे आपल्याकडच्या चौकटीतही निसर्गाला हितधारकांच्या गर्दीत न ढकलता त्याची वेगळी जागा ठेवली आहे. मला ती मांडणी अधिक प्रामाणिक वाटते.

मग नदीचे नाव कुठे घालायचे? यासाठी मी आपल्याला व्यवस्थापनाच्या पुस्तकाऐवजी सातबारा डोळ्यांसमोर आणायला सांगेन. घरचा कर्ता अकाली जातो, जमीन लहान मुलाच्या नावावर चढते आणि त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.' असा शेरा लिहून आईचे नाव येते. अज्ञान पालनकर्ता. मूल बोलत नाही, सही करत नाही, वाटणीच्या बैठकीला येत नाही, तरी जमीन त्याची असते. चुलत्यांना ती कितीही सोयीची वाटली, तरी अज्ञानाच्या नावावरची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकालासुद्धा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या आठव्या कलमात तसे स्पष्ट म्हटले आहे. 'त्याचे आम्ही बघतो' एवढ्यावर कायदा समाधान मानत नाही. देवस्थानच्या जमिनीचेही असेच आहे. देव हा कायद्याच्या दृष्टीने कायमचा अज्ञान आहे, आणि मालकाच्या रकान्यात पुजाऱ्याचे नसून देवाचेच नाव असले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सांगितले. जो बोलत नाही, त्याचा हक्क कसा सांभाळायचा, हे आपल्या समाजाला नवीन नाही. नदीही अशीच आहे, फक्त ती कधीच सज्ञान होणार नाही आणि तिच्या नावापुढचा शेरा कधीच कमी होणार नाही.

नदीला थेट कायदेशीर व्यक्ती ठरवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. न्यूझीलंडने मार्च २०१७ मध्ये वांगानुई नदीला तसा दर्जा देणारा कायदा केला आणि तिच्या वतीने बोलण्यासाठी दोन माणसे नेमण्याची सोय केली, एक सरकारने नेमलेले आणि एक तिथल्या माओरी समाजाने. त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना कायदेशीर व्यक्ती ठरवले. त्या निर्णयाला जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. राज्य सरकारची एक अडचण अशी होती, की पुरात कोणाचे नुकसान झाले तर नदीची पालक म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्यांवर दावे लागतील का? २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न हास्यास्पद वाटणार नाही. पण आपल्याला तेवढ्या लांब जाण्याची गरज नाही. नदीचे नाव सरकारदरबारी कसे लागेल ते लागो, आपल्या कारखान्याच्या आत तिचा अ.पा.क. कोण, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.

बंधूंना हे सगळे हळवे वाटेल. त्यांच्याशी तमिळनाडूतल्या तिरुपूरविषयी बोलावे. रंगाईच्या धंद्यातल्या माणसाला तिरुपूर समजावून सांगावे लागत नाही, पण नोय्यल नदीची गोष्ट पुन्हा एकदा सबंध आठवून पाहावी. तिरुपूरच्या खाली, नोय्यलवर, ओरथुपालयम येथे १९९२ मध्ये सिंचनासाठी धरण बांधले गेले. वरच्या अंगाला होजियरीची निर्यात वाढत गेली, शेकडो डाइंग युनिटांचे पाणी नदीत येत राहिले, आणि काही वर्षांतच त्या धरणात शेतीच्या पाण्याऐवजी रंगाचे, खारट पाणी साठू लागले. धरण शेतकऱ्यांसाठी बांधलेले, आणि 'हे पाणी आमच्या शेतात सोडू नका' असे म्हणण्याची वेळ त्याच शेतकऱ्यांवर आली. ते संघटित होऊन न्यायालयात गेले. डाइंगवाल्यांना मुदती मिळाल्या, वाढवून मिळाल्या, प्रकरण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले, आणि सांडपाण्याचा थेंबही बाहेर जाऊ न देण्याची अट पाळली गेली नाही म्हणून जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने युनिटे बंद करण्याचा आदेश दिला. सातशेहून अधिक युनिटे बंद पडली. ज्यांनी स्वतःपुरते नीट काम केले असेल, त्यांनाही त्या आदेशाची झळ बसली. नंतर जी युनिटे सुरू झाली, ती आरओ आणि बाष्पीभवनाची यंत्रणा बसवून, पाणी आणि मीठ परत वापरूनच.

नोय्यल कोणत्याही मीटिंगला आली नव्हती. तिच्या वतीने खालच्या अंगाचे शेतकरी आले, आणि ते मीटिंगला न येता थेट उच्च न्यायालयात आले. पंचगंगेच्या खालच्या अंगाला शिरोळ तालुका आहे आणि तेथले शेतकरी गप्प बसणारे नाहीत, हे मी आपल्याला सांगायला नको.

शिवाय पंचगंगेने आपले बिल पाठवायला केव्हाच सुरुवात केली आहे. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी यांचे पाणी घेऊन प्रयाग चिखलीहून निघालेली ही नदी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत आपल्याच शहराजवळून जाते. तरीही इचलकरंजीला पिण्याच्या पाण्यासाठी कृष्णेकडे जावे लागले, मग वारणेचे पाणी मागावे लागले, ते दानोळीकरांच्या विरोधात अडकले, मग दूधगंगेवरच्या सुळकूड योजनेचे नाव पुढे आले आणि कागलकर उभे राहिले. दाराशी नदी असलेले शहर तीन नद्यांच्या दारी जाते, आणि प्रत्येक दारी भांडण होते. या खर्चाचा आकडा आपल्या ताळेबंदात कुठेही दिसत नाही, पण आपल्या साठ कामगारांच्या घरी पाणी किती दिवसांआड येते ते त्यांनाच विचारून पाहा. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. सगळे पाप प्रोसेसवाल्यांचे नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात शहरात काविळीची जी साथ आली आणि माणसे दगावली, ती साथ रंगाने येत नाही, मैल्याने दूषित झालेल्या पाण्याने येते. कोल्हापूरपासून खाली गावोगावचे सांडपाणी नदीत येते, आणि शिरोळच्या क्षारपड जमिनींना उसाला दिलेले बेसुमार पाणी बरेचसे कारणीभूत आहे. बंधू हा मुद्दा नक्की काढतील आणि तो खराही आहे. पण दुसऱ्यांनीही कर्ज बुडवले म्हणून आपले कर्ज माफ होत नाही, हे धंद्यातल्या माणसाला ठाऊक असते.

'फी भरतो' या मुद्द्याकडे वळतो. संमतीपत्र म्हणजे १९७४ च्या जल कायद्याखाली मिळालेली मर्यादित मुभा आहे. एवढे पाणी, एवढ्या दर्जाचे, या ठिकाणी सोडा, एवढाच तिचा अर्थ. त्या फीमध्ये भरून वाहिलेल्या टाकीचे पाणी येत नाही. शिवाय कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६६ चे दुसरे पोटकलम बंधूंनी एकदा वाचावे. संचालकाने सद्भावनेने वागून कंपनीचे, कामगारांचे, भागधारकांचे आणि समाजाचे हित, तसेच पर्यावरणाचे रक्षण पाहावे, असे तेथे लिहिले आहे. हे कलम सूचिबद्ध कंपन्यांपुरते नाही, आपल्यासारख्या प्रायव्हेट लिमिटेडच्या दोन संचालकांनाही ते लागू आहे. उलट सामाजिक दायित्वाचा दोन टक्के खर्च आपल्या आकाराच्या कंपनीला बहुधा लागू होणार नाही. त्यासाठी ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक तरी निकष पूर्ण व्हावा लागतो. तेव्हा देवळापाशी लावलेली झाडे हे पुण्यकर्म जरूर आहे, मात्र ते पाण्याच्या हिशेबात धरता येणार नाही.

आणखी एक बारकावा, जो आपल्याला माझ्याहून चांगला माहीत असेल. कागदावर बीओडी आणि सीओडी ही सांडपाण्यातल्या घाणीची दोन मापे लिटरला ३० आणि २५० मिलिग्रॅमच्या आत आणली, तरी सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवताना घातलेले मीठ कुठेच जात नाही. गडद छटेला लिटरमागे ५० ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त मीठ लागते. ते कापडात राहत नाही आणि ईटीपीतले, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतले, जिवाणूही ते खात नाहीत. ते जसेच्या तसे बाहेर पडते. त्यामुळे आपली यंत्रणा उत्तम चालली तरी नदीचा प्रश्न पूर्ण सुटणार नाही. पण आपल्या टाकीची अडचण मिठाच्या कितीतरी अलीकडची आहे.

आता ती टाकी. आपल्या ईटीपीवर एक ऑपरेटर असेल. बहुतेक ठिकाणी तो कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात, टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या आवाजात, एकटा असतो. एक लिटरच्या काचेच्या उभ्या मोजपात्रात तो वायुवीजन टाकीतले पाणी भरतो, अर्धा तास हलवत नाही, आणि गाळ कोणत्या रेघेपर्यंत बसला ते वहीत लिहितो. गाळ तपकिरी, दाट आणि वरचे पाणी स्वच्छ असेल तर जिवाणू जिवंत आहेत. गाळ काळा पडला, वास आला, किंवा बसेनासाच झाला, तर रात्री ब्लोअर बंद होता हे त्याला कोणी न सांगता कळते. आपल्या कारखान्यात नदीची भाषा समजणारा हा एकमेव माणूस आहे, आणि माझा अंदाज असा, की पगाराच्या यादीत त्याचे नाव बरेच खाली असेल. टाकी भरत आली आहे हे रात्री दोन वाजता त्याला दिसते, पण रंगाईची जेट मशिने थांबवा असे सुपरवायझरला सांगण्याचा अधिकार त्याला नाही. सुपरवायझरला लॉट पुरा करायचा असतो, आणि त्याला जाब विचारणारे आपण दोघे बंधू आहात.

म्हणून नदीचा अ.पा.क. या माणसाला करा, आणि ते नुसते तोंडी नको. संचालक मंडळाचा ठराव करून लिहून ठेवा, की समीकरण टाकीची (जिथे सांडपाणी आधी साठवून एकसारखे करतात तिची) पातळी अमुक रेघेच्या वर गेली किंवा ब्लोअर अर्ध्या तासाहून अधिक वेळ बंद राहिला, तर त्याच्या शब्दावर नवा लॉट लागणार नाही. तो शब्द फिरवायचा असेल तर दोन्ही संचालकांची लेखी सही लागेल आणि ती सही त्याच वहीत होईल. त्याचा पगार उत्पादनाच्या बोनसला जोडू नका. मधल्या काळात ब्लोअरपुरता जनरेटर लावा. हा खर्च स्टेंटरच्या तुलनेत इतका किरकोळ आहे, की तो इतकी वर्षे का झाला नाही, याचे उत्तर आपण स्वतःलाच द्यावे.

अर्थात पालकावरही कोणाची तरी नजर लागते. ती नजर खालच्या अंगाच्या माणसाची असावी. जानेवारी ते मे या महिन्यांत बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेले असतात, पाणी वाहत नाही, साचून राहते, जलपर्णी माजते आणि तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेले मासे वर येतात. त्या दिवसांत महिन्यातून एकदा खालच्या एखाद्या गावच्या दोन शेतकऱ्यांना आपल्या ईटीपीवर बोलवा, ती वही त्यांच्यासमोर उघडा आणि मोजपात्र त्यांच्या हातात द्या. पहिल्या भेटीला ते रागावून बोलतील. ऐकून घ्यावे. ग्राहकाच्या प्रश्नावलीत 'सल्लामसलत कशी करता' असे जे विचारले आहे, त्याचे खरे उत्तर हेच आहे.

पैशांविषयी. संपूर्ण शून्य विसर्गाची यंत्रणा एकट्याने बसवणे आपल्या आकाराच्या युनिटला बहुधा झेपणार नाही, आणि ती बसवा असे मी इथे बसून सांगणे बेजबाबदारपणाचे ठरेल. बाष्पीभवनाला वीज आणि वाफ फार लागते, आणि कर्ज काढून बसवलेले यंत्र खर्च परवडत नाही म्हणून बंद ठेवण्याची वेळ आली तर नदीचा आणि आपला, दोघांचाही तोटा होतो. पण समीकरण टाकी वाढवणे, ब्लोअरची पर्यायी सोय करणे आणि शेवटच्या धुण्याचे तुलनेने स्वच्छ पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला वापरणे, ही तीन कामे स्टेंटरच्या आधी व्हावीत असे माझे स्पष्ट मत आहे. तिसऱ्या कामाने पाण्याचे बिलही कमी होते, त्यामुळे बंधूंकडे तो विषय आधी काढावा. स्टेंटरने क्षमता वाढेल, म्हणजे पाणीही वाढेल. आजची टाकी आजचे पाणी पेलत नाही, तेव्हा हा क्रम उलटा करता येणार नाही. मिठाचे आणि आरओचे काम इतर प्रोसेसवाल्यांबरोबर सामायिकपणेच करावे लागेल, आणि त्यासाठी आपल्या संघटनेच्या बैठकीत कोणीतरी पहिल्यांदा बोलायला हवे.

पुतणीला माझा एक निरोप द्यावा. तिने नदीचे नाव लिहिले, ही चांगली गोष्ट केली, पण ते तिने मुख्य कार्यालयात बसून लिहिले. तिने महिनाभर ईटीपीवर, त्यातला आठवडाभर रात्रपाळीला, त्या ऑपरेटरबरोबर बसावे आणि वही स्वतःच्या हाताने भरावी. वडिलांशी वाद घालताना तिच्याजवळ मग व्याख्येऐवजी आकडे असतील, आणि आपल्या बंधूंचा स्वभाव मी पत्रावरून जेवढा ओळखला त्यावरून सांगतो, आकड्यांपुढे ते नमतील.

राहिला तक्ता. हितधारकांच्या यादीत खालच्या गावांचे शेतकरी आणि शहरातले पाणी पिणारे लोक ही नावे लिहावीत, कारण ती माणसे आहेत आणि त्यांच्याशी खरोखर बोलता येते. नदीचे नाव त्या यादीत न घालता खाली वेगळी ओळ आखून लिहावे : पंचगंगा नदी, अ.पा.क., आणि पुढे ईटीपी ऑपरेटरचे नाव व ठरावाची तारीख. मुंबईच्या ग्राहकाला अ.पा.क. म्हणजे काय हे समजावून सांगावे लागेल, तेवढे पुतणी करील. ठराव अजून झालेला नाही, तोवर ती ओळ आखून कोरीच ठेवावी.